चार वर्षांची शाळा आणि लंडनची पेढी: जॉर्ज पीबडी बँकर कसा झाला

प्रश्न तीन भागांत आला आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या एका लहानशा गावात जन्मलेला, जेमतेम चार वर्षं शाळेत गेलेला जॉर्ज पीबडी लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय बँकर कसा झाला? मॉर्गन घराण्याच्या बँकेचा पाया त्यानेच घातला, हे खरं का? आणि बुडीत कर्जरोखे स्वस्तात घेऊन तो गबर झाला, या आरोपात किती तथ्य आहे?

माझी नोकरी एका बँकेच्या परकीय चलन विभागात गेली, त्यातली बरीचशी एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे बँकेचं पतपत्र) आणि निर्यात बिलांच्या टेबलावर. त्यामुळे पीबडीकडे मी त्या टेबलावरून बघतो. त्याची गोष्ट बहुतेक ठिकाणी दोन टोकांनी सांगतात: सुरुवातीला गरिबाघरचा पोरगा, शेवटी लाखोंचा दाता. मधली तीस वर्षं, म्हणजे तो खरा बँकर झाला तो काळ, दोन ओळींत उरकतात. मी तिथेच जास्त रेंगाळणार आहे.

जन्म १८ फेब्रुवारी १७९५चा. गाव डॅन्व्हर्स, त्याची दक्षिणेकडची वस्ती. चामडं कमावणं हा तिथला धंदा. आठ भावंडांतला हा तिसरा. अकराव्या वर्षी शाळा सुटली आणि गावातल्या प्रॉक्टर नावाच्या दुकानदाराकडे तो उमेदवारीला लागला. हे दुकान म्हणजे आपल्याकडच्या बाजारपेठेच्या गावातलं किराणा-भुसाराचं दुकान समजा. रोकड कमी, उधारी जास्त. कोण पीक आल्यावर देतो, कोण मागितल्याशिवाय देत नाही, कोणाच्या घरात आजारपण चालू आहे म्हणून त्याला महिनाभर सांभाळून घ्यायचं, हे सगळं दुकानदाराच्या डोक्यात असावं लागतं. बँकेत आम्ही ज्याला पार्टीचा क्रेडिट रिपोर्ट म्हणतो, त्याचं शिक्षण त्या पोराला काउंटरमागे उभं राहून मिळालं. त्याचं इंग्रजी शुद्धलेखन पुढेही कच्चं राहिलं म्हणतात. हिशेब मात्र कधी कच्चा राहिला नाही.

१८११ साल वाईट गेलं. वडील वारले, घरावर कर्ज, आणि ज्या न्यूबरीपोर्ट गावात तो थोरल्या भावाच्या दुकानात काम करत होता तिथे मोठी आग लागून बाजारपेठच जळाली. पुढच्या वर्षी तो काकाबरोबर दक्षिणेला, वॉशिंग्टनजवळच्या जॉर्जटाउनला गेला. तिथे एलिशा रिग्ज हा व्यापारी भेटला आणि १८१४ मध्ये त्याने पीबडीला कापडाच्या घाऊक धंद्यात भागीदार करून घेतलं. पीबडी तेव्हा एकोणीस वर्षांचा, कायद्याने अजून सज्ञानही नव्हता. पुढच्याच वर्षी पेढी बाल्टिमोरला गेली. मेरीलँड-व्हर्जिनियाच्या गावोगावी घोड्यावर फिरून माल विकायचा आणि वसुली करायची, हे काम पीबडीकडे होतं. १८२७ मध्ये मालाच्या खरेदीसाठी तो पहिल्यांदा इंग्लंडला गेला, त्यानंतर फेऱ्या वाढत गेल्या आणि १८३७ मध्ये त्याने लंडनलाच मुक्काम हलवला. म्हणजे बेचाळिसाव्या वर्षापर्यंत हा माणूस बँकर नव्हताच. कापडाचा व्यापारी होता.

आता व्यापाऱ्याचा बँकर कसा होतो, ते बघू. पुढचं सगळं यावरच उभं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा बाल्टिमोरच्या एका दुकानदाराला मँचेस्टरचं छापील कापड हवं आहे. मँचेस्टरचा गिरणीवाला त्याला ओळखत नाही. रोख पैसे आगाऊ पाठवायचे तर दुकानदाराची तेवढी ताकद नाही. माल उधार द्यायचा तर गिरणीवाल्याची छाती होत नाही. मध्ये अटलांटिक समुद्र, पत्राला शिडाच्या जहाजाने महिना लागू शकतो. इथे लंडनचा मर्चंट बँकर उभा राहतो. तो दुकानदाराला पतपत्र देतो: ‘अमुक रकमेपर्यंत माझ्यावर बिलं (म्हणजे हुंड्या) काढा.’ गिरणीवाला माल जहाजावर चढवतो आणि बँकरच्या नावाने बिल काढतो, साधारण दोन-चार महिन्यांच्या मुदतीचं. बँकर त्या बिलावर आडवी सही करतो. ही झाली स्वीकृती, ॲक्सेप्टन्स. त्या क्षणापासून ते बिल अनोळखी दुकानदाराचं राहत नाही, बँकरचं होतं. गिरणीवाला ते लंबार्ड स्ट्रीटवर, म्हणजे लंडनच्या पैशाच्या बाजारात, डिस्काउंट करून (थोडं व्याज कापून देऊन) त्याच दिवशी पैसे मोकळे करतो. दुकानदार माल विकून मुदतीच्या आत बँकरकडे पैसे पाठवतो. बँकरला मधलं कमिशन.

मुदती हुंडीचा व्यवहार माहीत असलेल्याला यात नवं काही वाटणार नाही. फक्त एक गोष्ट नीट लक्षात घ्या: या सगळ्यात बँकरच्या खिशातून, सगळं सुरळीत चाललं तर, एक पौंडही जात नाही. तो फक्त सही देतो. सहीला किंमत केव्हा येते? बाल्टिमोरचा कोणता दुकानदार वेळेवर पैसे पाठवेल आणि कोणता नाही, हे त्याला ठाऊक असेल तेव्हा. लंडनमध्ये पीबडीपेक्षा श्रीमंत बँकर कितीतरी होते. बेअरिंग्ज या लंडनच्या बड्या पेढीसमोर तर तो चिल्लर होता. पण अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांची नाडी त्याच्यासारखी फार थोड्यांना कळत होती. घोड्यावरून वसुली करत हिंडलेला माणूस तो. लहान गावातून येणं ही अडचण होती असं आपण धरून चालतो. या धंद्यात तेच त्याचं भांडवल होतं.

कापूस, धान्य, तंबाखू तिकडून यायचं. कापड आणि लोखंडी रूळ इकडून जायचे. रुळांचे पैसे अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्या पुष्कळदा रोख्यांत चुकवत. ते रोखे कुणाला तरी विकायला लागायचेच. म्हणून व्यापारी मागे पडत गेला आणि रोखेविक्या पुढे आला. १८५० उलटेपर्यंत पेढीचा मुख्य धंदा अमेरिकेतल्या राज्यांचे आणि रेल्वेंचे रोखे युरोपात खपवणं हाच झाला होता.

इथे मेरीलँडचं प्रकरण येतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

१८३६ मध्ये मेरीलँड राज्याने कालवा आणि रेल्वे बांधायला ८० लाख डॉलरचं कर्ज काढायचं ठरवलं. ते लंडनमध्ये विकण्यासाठी नेमलेल्या प्रतिनिधींत पीबडी होता. वेळ इतकी वाईट की विचारू नका: १८३७ ची मंदी येऊन आदळली आणि अमेरिकेच्या कागदाला, म्हणजे रोख्यांना, कुणी हात लावेना. तरीही खटपटी करून त्याने रोख्यांचा मोठा भाग अखेर बेअरिंग्जच्या गळी उतरवला. यासाठीचं ६० हजार डॉलरचं कमिशन त्याने घेतलं नाही, असं त्याच्या चरित्रांत सांगतात. राज्याची तिजोरी तेव्हा खडखडत होती, तेव्हा हे कमिशन मागून मिळालं असतंच असं नाही. पण मागितलं नाही हे खरं.

पुढे १८४१-४२ मध्ये अमेरिकेतल्या आठ राज्यांनी आणि फ्लोरिडा प्रदेशाने हप्ते थकवले. पेनसिल्व्हेनियासारखं श्रीमंत राज्य त्यात होतं, आणि मेरीलँडही. इंग्लंडमध्ये संतापाची लाट उसळली. हे रोखे घेणारे सगळे काही धनाढ्य नव्हते. विधवा, पाद्री, निवृत्त अधिकारी यांची आयुष्यभराची पुंजी त्यात होती. लंडनमध्ये अमेरिकन म्हणून मिरवायची सोय उरली नाही. पीबडीने रोखे विकताना आपला शब्द दिलेला. ज्याने कर्ज विकून दिलं, त्यालाच लोक रस्त्यात अडवतात. आमच्या धंद्यातल्या कुणालाही हे सांगायला नको.

त्याने दोन गोष्टी केल्या. एक, तो पत्रांमागून पत्रं मेरीलँडच्या पुढाऱ्यांना लिहीत राहिला: कर लावा, पण व्याज द्या. त्याच्या जोडीला पडद्याआडचं कामही चाललं. बेअरिंग्जने बाल्टिमोरमध्ये वर्तमानपत्रांतून लेख छापून आणायला, निवडणुकीत कर्जफेडीच्या बाजूची माणसं निवडून यायला पैसा पुरवला. कर्ज फेडणं हे धर्माचं काम आहे असं सांगणारी प्रवचनंसुद्धा घडवून आणली. खर्चाचा मोठा वाटा बेअरिंग्जचा, लहानसा पीबडीचा. आजच्या भाषेत सरळसरळ लॉबिंग. दानशूर पीबडीच्या चरित्रांत हे पान सहसा सापडत नाही, पण बँकर पीबडी समजून घ्यायचा तर ते वगळून चालत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे, पडेल भावात आलेले हे रोखे तो स्वतः विकत घेत राहिला. १८४८ च्या सुरुवातीला मेरीलँडने पुन्हा व्याज द्यायला सुरुवात केली, भाव वर आले आणि पीबडीच्या हाती भरपूर पैसा आला. राज्याच्या विधिमंडळाने त्याच्या आभाराचा ठरावही केला.

मग आरोप खरा की खोटा? बुडीत रोख्यांवर तो श्रीमंत झाला हे खरं. पण ज्याला ‘लुटलं’ म्हणता येईल असं त्यात मला दिसत नाही. ज्या भावाला सगळे विकायला निघाले होते त्या भावाला तो घेत होता, आणि राज्य पैसे देईल यासाठी उघडपणे झगडतही होता. तेव्हा बाजारातली माहिती आतल्या माणसाने वापरू नये असा कायदा नव्हता. आजच्या नियमांखाली एखाद्या मर्चंट बँकरने स्वतः विकलेल्या रोख्यांबाबत असं वागायचं ठरवलं तर त्याला नियामकासमोर उभं राहावं लागेल, हेही तितकंच खरं.

१८५१ चं लंडनचं महाप्रदर्शन मी लवकर ओलांडतो. अमेरिकेच्या दालनाला सजावटीसाठी सरकारकडून पैसा आला नाही, तेव्हा पीबडीने सुमारे १५ हजार डॉलर पुढे केले, आणि मग मॅककॉर्मिकचं कापणीयंत्र, कोल्टची पिस्तुलं वगैरे पाहायला लोटलेली गर्दी साऱ्या युरोपने पाहिली. त्याच वर्षी ४ जुलैला त्याने दिलेल्या मेजवानीला वॉटर्लूचा विजेता ड्यूक ऑफ वेलिंग्टन स्वतः आला होता. दहा वर्षांपूर्वी ज्या देशाचा कागद कुणी घेत नव्हतं, त्या देशाच्या नावाने ही मेजवानी. खर्चाची किंमत पुरेपूर वसूल झाली असं मी म्हणेन.

आता मॉर्गन. पीबडीने लग्न केलं नाही, पेढी सांभाळायला वारस नाही, वय साठीला टेकलेलं. १ ऑक्टोबर १८५४ रोजी त्याने बॉस्टनचा व्यापारी ज्युनियस स्पेन्सर मॉर्गन याला भागीदार करून घेतलं. ज्युनियसचा मुलगा जॉन पिअरपॉन्ट मॉर्गन, म्हणजे पुढचा जगप्रसिद्ध जे. पी., १८५७ मध्ये न्यूयॉर्कच्या डंकन, शर्मन या पेढीत उमेदवारीला लागला. ती पीबडीच्या पेढीची अमेरिकेतली प्रतिनिधी होती.

आणि त्याच वर्षी सगळं जवळजवळ संपलं होतं. क्रिमियाचं युद्ध १८५६ मध्ये थांबल्यावर रशियाचा गहू बाजारात परत आला आणि भाव कोसळले. अमेरिकेच्या पश्चिमेकडे जमिनी आणि रेल्वेवर लोकांनी कर्ज काढून उड्या मारल्या होत्या. २४ ऑगस्ट १८५७ ला ओहायो लाइफ ही वित्तसंस्था बसली, ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं. अमेरिकेतल्या पेढ्यांकडून लंडनला यायचे पैसे आलेच नाहीत. पण पीबडीच्या सह्या असलेली बिलं तर लंडनमध्ये मुदतीला येतच होती. सही केली, पैसे द्या. वर सांगितलेली यंत्रणा उलटी फिरली की काय होतं ते हे: एकही पौंड न गुंतवता कमावणाऱ्याला आता प्रत्येक पौंड स्वतःच्या खिशातून मोजावा लागतो, आणि तोही सगळ्यांना एकाच वेळी. नोव्हेंबरमध्ये बँक ऑफ इंग्लंडचा व्याजदर १० टक्क्यांवर गेला, ग्लासगोची वेस्टर्न बँक बुडाली.

पेढी वाचली ती बँक ऑफ इंग्लंडने दिलेल्या ८ लाख पौंडांच्या कर्जसोयीमुळे. मागे लंडनच्या इतर बँकांची हमी होती. मदत हवी असेल तर वर्षअखेर धंदा बंद करा, अशी अट काही प्रतिस्पर्ध्यांनी सुचवून पाहिली आणि पीबडीने ती धुडकावून लावली, असं सांगतात. इतकी मोठी मदत त्याला का मिळाली असावी? माझं मत असं, की पीबडी बुडाला असता तर त्याच्या सहीची बिलं ज्यांच्या तिजोरीत होती ते सगळेच अडचणीत आले असते. एका देशाच्या धंद्यात, एकाच प्रकारच्या पार्ट्यांवर एवढी जोखीम एकवटू नये, हे कुठल्याही बँकेच्या क्रेडिट पॉलिसीत आज पहिल्या पानावर असतं. पीबडीचं बळ म्हणजे अमेरिकेची ओळख; त्याचा धोकाही तोच, आणि १८५७ मध्ये दोन्ही एकाच वहीत समोर आले. मला विचाराल तर त्याच्या आयुष्यातलं बँकिंगच्या विद्यार्थ्याने वाचण्यासारखं वर्ष हे, देणगीचं एकही नाही.

पुढची पाच-सात वर्षं ज्युनियसने पेढी बेतानेच चालवली. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) कापसाचा पुरवठा तुटला. लँकेशायरच्या गिरण्या कापसासाठी तळमळू लागल्या आणि तिकडे मुंबईत कापसाने सोन्याचे दिवस आले. प्रेमचंद रायचंद यांचं नाव, बॅकबे भरणीचे शेअर, आणि १८६५ मध्ये फुटलेला फुगा आपल्याकडे अजून सांगतात. मुंबईचा कापूसही लंडनवर काढलेल्या बिलांनीच जात होता, तीच यंत्रणा. युद्धकाळात पीबडीच्या पेढीने उत्तरेविरुद्ध काम केलं असे आरोप झाले आणि ते वर्षानुवर्षं चघळले गेले. तो युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या, बाजूचाच होता, पण दक्षिणेतही त्याचे जुने गिऱ्हाईक आणि मित्र होते, आणि रोख्यांचा व्यापारी भावनेपेक्षा भाव बघतो.

१८६४ मध्ये पीबडी निवृत्त झाला आणि जाताना आपलं भांडवलच नाही, नावही घेऊन गेला. त्यामुळे पेढीची पाटी झाली जे. एस. मॉर्गन आणि कंपनी. ज्युनियसला हे बरंच लागलं होतं. लंडनमध्ये त्या नावालाच मोल होतं. १८७० मध्ये फ्रान्स प्रशियाशी लढत असताना ज्युनियसने फ्रान्सला १ कोटी पौंडांचं कर्ज उभं करून दिलं, तेव्हा कुठे मॉर्गन हे नाव आपल्या पायावर उभं राहिलं. १९१० मध्ये या पेढीचं मॉर्गन ग्रेनफेल झालं आणि १९८९ मध्ये ती डॉइश बँकेने घेतली. म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, लंडनच्या पेढीचा पाया त्याचा. न्यूयॉर्कची जे. पी. मॉर्गन मात्र पिअरपॉन्टने उभी केली. तिच्यामागे बापाची लंडनची पेढी होती, आणि त्या पेढीमागे पीबडी.

दानाबद्दल थोडक्यात, कारण त्यावर लिहिणारे भरपूर आहेत. १८६२ मध्ये लंडनच्या गरिबांच्या घरांसाठी दीड लाख पौंड, पुढे वाढवून एकूण ५ लाख. १८६४ मध्ये स्पिटलफील्ड्समधली पहिली चाळ उघडली आणि ती संस्था आजही घरं भाड्याने देते. बाल्टिमोरची पीबडी इन्स्टिट्यूट, येल आणि हार्वर्डची संग्रहालयं (येलच्या बाबतीत पुराजीवशास्त्रज्ञ ओ. सी. मार्श या भाच्याचा हात होता), गावातलं ग्रंथालय. राणी व्हिक्टोरियाने देऊ केलेला किताब त्याने नाकारला आणि तिचं पत्र व छोटी तसबीर घेतली. स्वतःवर मात्र खर्च नाही. आजारी असताना पावसात भिजत बससाठी उभा दिसला, तेव्हा ज्युनियसने विचारलं की अजून घरी कसे गेला नाहीत. तर म्हणे आतापर्यंत दोन पेन्सवालीच बस आली, एक पेनीवालीची वाट बघतोय. किस्सा तिखटमीठ लावलेला असेल, पण माणूस तसाच होता.

४ नोव्हेंबर १८६९ ला लंडनमध्ये तो वारला. त्याचं शव काही काळ वेस्टमिन्स्टर ॲबीत ठेवलं आणि मग ब्रिटिश युद्धनौका ‘मोनार्क’ने अमेरिकेला नेलं. दक्षिण डॅन्व्हर्स गावाने त्याआधीच, १८६८ मध्ये, आपलं नाव बदलून पीबडी करून घेतलं होतं.

रोख्यांबद्दल विचारलंत म्हणून शेवटी एक राहिलेली गोष्ट. यादवी युद्धानंतर दक्षिणेतल्या शाळांसाठी त्याने १८६७ मध्ये १० लाख डॉलरचा शिक्षण निधी दिला आणि १८६९ मध्ये आणखी १० लाख घातले. (त्या पैशाचा फायदा मुख्यतः गोऱ्या मुलांच्या शाळांना झाला, मिश्र शाळांना निधीच्या व्यवस्थापकांचा विरोध होता.) या रोख रकमेशिवाय त्याने निधीला मिसिसिपी आणि फ्लोरिडाचे जुने रोखेही देऊन टाकले, दर्शनी किंमत १४ लाख डॉलरच्या आसपास. १८४० च्या दशकात थकलेलेच होते ते. मेरीलँडने दिले तसे हीही राज्यं कधीतरी देतील, असा त्याचा हिशेब असावा. शिवाय आपल्याच मुलांच्या शाळांसाठीचे पैसे नाकारायला राज्यांना लाज वाटेल, असंही मनात असेल. दोन्ही राज्यांनी एक छदामही दिला नाही.